ओळीत बसायची वेळ

बुधी मेली तेव्हा मी तिच्या शेजारीच पडले होते, आणि मला वाटलं ती झोपली आहे. बरं वाटलं मला. आदल्या रात्रीपासून ती बडबडत होती, दात वाजत होते, आता गप्प झाली म्हणजे ताप उतरला असं मी समजले. तिचा पाय माझ्या पायाला लागला होता. तो गार होता आणि माझं अंग भट्टीसारखं तापलेलं, म्हणून मी माझा पाय तिच्या पायाला चिकटवून ठेवला. मी तिच्याकडून गारवा घेत होते. किती वेळ घेतला ते सांगता येणार नाही. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक ठिपका भिंतीवर पडला होता, तो सरकत सरकत स्टोव्हपर्यंत आला, एवढं आठवतं.

मग बाहेरून जमनामावशीची आरोळी आली. ती चिंचणीची. डोक्यावर टोपली घेऊन कुंभवलीच्या चाळींमधून मासळी विकायची. तिची आणि बुधीची रोजची जुंपायची. ती "मांदेली घ्या गो, बोंबील घ्या" करत आली की बुधी आतूनच ओरडायची, "काल मेलेली मासली आज विकाया आनलीस काय?" आणि मावशी म्हणायची, "तुज्या तोंडापरीस ताजी हाय, बाहेर ये नि हुंग!" त्या सकाळी आरोळी आली आणि आतून कुणी बोललं नाही. मावशीने पुन्हा आरोळी दिली. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. मग दार ढकललं गेलं आणि ती नेहमीच्या थट्टेने म्हणाली, "काय गो भवान्यांनो, मेल्यात काय?"

ती टोपली खाली ठेवून वाकली. आधी बुधीच्या कपाळाला हात लावला, मग माझ्या. हाताला मासळीचा वास होता. माझ्या कपाळावरचा हात तिने काढलाच नाही. तसाच ठेवून दाराकडे तोंड करून ती मोठ्याने ओरडली, "कोण हाय काय रं चालीत? एक गेली! एक हाय अजून!"

दिवाळीची सुट्टी होती. चाळीतली घाटावरची, खानदेशातली माणसं गावाला गेली होती, परप्रांतातली पोरं चालू राहिलेल्या कारखान्यांत कामाला होती. शेवटच्या खोलीतला एक जण रात्रपाळी करून नुकताच आला होता, तो धावत आला. त्याने मला उचललं. बुधीला कुणी उचललं, कुठे नेलं, ते मी पाहिलेलं नाही.

आता आम्ही कोण ते सांगते. आम्ही दोघी पालघरच्या निराधार मुलींच्या संस्थेतल्या. माझा बाप घाटावरून बांधकामाच्या कामाला इकडे आला, आई इथेच तापाने गेली, आणि बापाने मला संस्थेत सोडलं, दिवाळीला न्यायला येतो म्हणाला. कोणत्या दिवाळीला ते बोलला नव्हता. बुधी जव्हारकडची, डोंगरातली. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. आईबाप पावसाळा संपला की वीटभट्टीवर जायचे, एका वर्षी पोरीला संस्थेत ठेवून गेले आणि परतले नाहीत. ती रडत नसे. म्हणायची, "माजी मान्सं कुटंतरी भट्टीवर हायत, कामाला खाडा नको म्हनून येत नायत." मोठी झाल्यावरही हेच म्हणायची. मग हसायची.

संस्था वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण लोकांना वाटतं तिथे मारझोड व्हायची. मारझोड नव्हती. सकाळी पेज असायची, दुपारी भात आणि वालाची आमटी, रात्री तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. सोमवारी सुकट नाही. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घंटेवर निजायचं. विहिरीच्या रहाटाची करकर, पितळी पातेल्यात फिरणारा मोठा कालथा, आणि लांबून रेल्वेची शिट्टी, हे आवाज आजही कानात बसलेले आहेत. आम्ही साठ जणी होतो. मी चौथीपर्यंत शिकले, मग स्वयंपाकघरात लागले. साठ जणींचा भात मी डोळे मिटून करायचे.

आणि संध्याकाळची ओळ. दिवेलागणीला प्रार्थना झाली की केस विंचरून, मांडी घालून, भिंतीला पाठ लावून ओळीत बसायचं. मोठ्या बाई, म्हणजे संस्थेच्या बाई, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायच्या आणि प्रत्येकीच्या कपाळाला उलटा हात लावायच्या. बोलायच्या नाहीत. ताप लागला तर त्या मुलीच्या खांद्यावर बोट टेकवायच्या, आणि ती उठून आजाऱ्यांच्या खोलीत जायची. तिथे औषध मिळायचं, मऊ भात मिळायचा, दुसऱ्या दिवशी डॉक्टर यायचे. पण आपण होऊन "बाई, मला बरं नाही" असं कुणी म्हणायचं नाही. म्हटलं तर बाई म्हणायच्या, "काम चुकवायला निमित्त हवं का?" बाकीच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. एवढ्या पोरींत त्यांनी आणखी काय करावं? पोटदुखीचं ढोंग तर मीसुद्धा केलेलं आहे. तर आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की आजार सांगायचा नसतो. आजार असेल तर हात येतो आणि शोधून काढतो. नीट ओळीत बसायचं, एवढंच आपलं काम.

दुसरं एक शिकलो होतो. पाहुणे यायचे, देणगी देणारे, तपासायला येणारे. ते दारात उभे राहून विचारायचे, "काय मुलींनो, ठीक आहात ना?" आणि आम्ही सगळ्या एका सुरात म्हणायचो, "हो बाई!" साहेब असला तरी "हो बाई"च निघायचं तोंडातून. बुधी त्यावर पोट धरून हसायची.

वय भरलं तसं आम्हा दोघींना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात धागे कापायचं काम लावून दिलं आणि कुंभवलीत खोली बघून दिली. पत्र्याची खोली, समोर गटार. गटाराचं पाणी एक दिवस निळं तर एक दिवस लाल. बुधी सकाळी दार उघडून म्हणायची, "आज जांभला रंग हाय गो, सन हाय वाटतं." पहिल्या दिवशी मी भात टाकला. हाताला सवय साठ जणींची. कमी करून करून घातला तरी पातेलं वर येऊन झाकण पडलं, भात स्टोव्हवर सांडला, स्टोव्ह विझला. बुधी म्हणाली, "जा, साऱ्या कुंभवलीला आवतन दे." आम्ही शेजारच्या खोल्यांत भात वाटला. जमनामावशी त्याच दिवशी पहिल्यांदा दाराशी आली. तो भात बघून म्हणाली, "लगीन हाय काय कुनाचं?" बुधी म्हणाली, "तुजं!" तिथून त्यांची ओळख.

आणखी एक खोड आमच्या अंगात होती. आम्ही दाराला कडी लावत नव्हतो. संस्थेत कडी लावायला बंदी होती, त्यामुळे हात कडीकडे जायचाच नाही. दार नुसतं ओढून घ्यायचो. चाळमालक ओरडायचा, "तरण्या पोरी तुम्ही, कडी घाला!" आम्ही हो म्हणायचो आणि विसरायचो.

संस्थेने बाहेर पडलेल्या मुलींसाठी एक बाई नेमली होती. ती दर रविवारी सकाळी बोईसरला एका बालवाडीच्या ओट्यावर येऊन बसायची. आम्ही तिला रविवारच्या बाई म्हणायचो. तरुण होती, चष्मा होता, हळू बोलायची. आम्हाला निघताना सांगितलं होतं, काही अडचण आली तर रविवारी बाईंकडे जा. मी एकदा गेले. ओट्यावर संस्थेतल्याच आणखी दोघीजणी आल्या होत्या. बाईंनी मला विचारलं, "बोल, काय अडचण आहे?" माझ्याकडे अडचण नव्हती. मी तशीच गेले होते, रविवार होता म्हणून, ओळखीचं तोंड बघायला. पण तसं म्हणता येईना. मी म्हटलं, "काही नाही." बाई म्हणाल्या, "मग छान." मग त्या दुसऱ्या मुलीकडे वळल्या. मी उठून आले.

बुधी एकदाही गेली नाही. मी म्हटलं, चल तरी. ती म्हणाली, "थितं काय अडचन घेऊन जावं लागतं. माज्यापाशी नाय ती. होईल तवा जाईन." आणि मग टुणकन उडी मारून म्हणाली, "आता मला कोन इचारनार नाय, कवा उठली, कवा निजली. मी काय परत ओलीत बसू?"

त्या दिवाळीला आमचा कारखाना सुट्टीपुरता बंद झाला, चाळ रिकामी झाली आणि बुधीला थंडी वाजून ताप आला. दुसऱ्या दिवशी मला आला. दुपारी थंडी भरायची, गोधडीवर गोधडी घातली तरी हाडं वाजायची, मग ताप चढायचा, मग घामाने अंथरूण भिजायचं. घाम आला की बरं वाटायचं. बुधी म्हणायची, "गेला बग." आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा यायचा. दवाखाना बोईसरला होता, लांब नव्हता. आम्हाला रस्ता माहीत होता. पण आपण उठून दवाखान्यात जायचं आणि म्हणायचं आम्हाला बरं नाही, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आज हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. माझ्या स्वतःच्या सुनेला पटत नाही. ती म्हणते, "आई, तुम्ही काय लहान होता?" लहान नव्हतो. आम्हाला ते येत नव्हतं, जसा दोघींचा भात येत नव्हता.

मग रविवार आला आणि रविवारच्या बाई आमच्या खोलीवर आल्या. मुली दिवाळीला एकट्या असतील म्हणून त्या दिवशी त्या ओट्यावर न बसता फराळ घेऊन खोल्या शोधत फिरत होत्या. आम्ही दोघी गोधडीत होतो. बाहेर चपलांचा आवाज थांबला. दाराच्या फटीतून मला त्यांच्या साडीचा काठ दिसला, हिरवा. त्यांनी दाराला हात लावला नाही. तिथूनच, हळू आवाजात विचारलं, "मुलींनो, ठीक आहात ना?"

आणि आम्ही दोघी, अंगात ताप, ओठ फाटलेले, एका सुरात म्हणालो, "हो बाई."

तो आवाज आम्ही काढला नव्हता, तो आपोआप निघाला. बाई म्हणाल्या, "झोपला होता वाटतं. झोपा, झोपा. करंज्या ठेवते इथे." आणि चपला निघून गेल्या. दार नुसतं ओढलेलं होतं. बोटाने ढकललं असतं तर उघडलं असतं. पुढे बाईंनी मला सांगितलं, की त्या तिथे जरा वेळ उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या मनात आलं, जन्मभर या पोरींच्या खोलीत कुणीही न विचारता शिरलं, आता कुठे त्यांची स्वतःची खोली झाली, आपण तरी त्यांनी बोलावल्याशिवाय आत जाऊ नये. मनाने चांगली होती म्हणून ती आत आली नाही. हे मी पुष्कळ वर्षं घोळवलं आहे आणि मला त्यात तिचा दोष काढता आलेला नाही. करंज्या मागाहून मालकाच्या शेळीने खाल्ल्या.

त्या दिवशी दिवेलागणीला घाम येऊन मला जरा शुद्ध आली. बघते तर बुधी उठून बसलेली. भिंतीला पाठ लावून, मांडी घालून. हातात फणी होती, केस विंचरत होती. फणी केसांत अडकत होती. मला वाटलं तापात आहे. पण ती माझ्याकडे बघून हसली, तिचं नेहमीचं हसू. म्हणाली, "ऊठ गो. ओलीत बसू."

मी म्हटलं, "कशाला?"

"मोट्या बाई येतील. कपाल बगतील. तुज्या खांद्याव बोट ठेवतील, माज्या नाय ठेवनार, माजा ताप गेलाय."

"गेला नाही तुझा."

"मंग माज्याही ठेवतील. दोगींना मऊ भात."

मी उठले. का उठले माहीत नाही. तिने माझे केस विंचरले, फणी माझ्या पाठीवर पडली, ती तिने पुन्हा उचलली. मग आम्ही दोघी शेजारी शेजारी, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसलो. लांबच्या कुठल्या कारखान्याचा भोंगा झाला. कुठेतरी पोरं फटाके उडवत होती. दाराच्या फटीतला उजेड पिवळा झाला, मग करडा झाला. आम्ही आधी हसत होतो. बुधी मोठ्या बाईंच्या चालण्याची नक्कल जिभेने करत होती, टक, टक, टक. मग ती थांबली. मग आम्ही हसत नव्हतो. आम्ही खरंच बसलो होतो. माझं कपाळ मी जरा पुढे काढून बसले होते, ते मला चांगलं आठवतं.

अंधार पडल्यावर बुधी आडवी झाली. ती पुन्हा शुद्धीवर बोलली नाही. त्यानंतरचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

डॉक्टर म्हणाले, हिवताप होता, तिच्या डोक्यात चढला. आधी आणायला हवं होतं म्हणाले. कोण आणणार होतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मला सलाईनची बाटली लावली. जमनामावशी टोपलीतली मासळी कुत्र्यांच्या हवाली करून माझ्याबरोबर आली होती, ती संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसून होती. मी विचारलं, "मावशे, तू दार का ढकललंस?" ती म्हणाली, "ती काली पोर शिव्या देत नव्हती ना गो. मला चैन पडंना." मग पदराने नाक पुसून म्हणाली, "शिव्या खायाची सवय लागलीय मला."

रविवारच्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या. खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. त्यांना काय बोलावं कळत नव्हतं, म्हणून त्यांनी तेच विचारलं, "ठीक आहेस ना?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "हो बाई."  त्या क्षणी त्यांना दाराआडून आलेलं आमचं "हो बाई" कळलं असावं. त्या पुढे आल्या, उलटा हात माझ्या कपाळाला लावला, आणि म्हणाल्या, "ताप आहे की गं तुला." मग त्या रडल्या. दवाखान्यात सगळ्यांसमोर, चष्मा न काढता, मोठ्याने. मी रडले नाही. मला राग आला होता. एवढाच एक हात हवा होता आणि तो दाराबाहेरून परत गेला होता.

बरी झाल्यावर मी रविवारी बालवाडीच्या ओट्यावर गेले. लोक मला विचारतात, मग का गेलीस, मदत हवी होती का? हवी होती, पण त्यासाठी गेले नाही. ती बाई इतकी रडली होती, ती आता कशी आहे, ते बघायला गेले. ती एकटीच बसली होती. मला बघून उठली. काय अडचण आहे असं तिने विचारलं नाही, बरी आहेस का असंही नाही. एकदम म्हणाली, "मला दोघींपुरता भात कसा करायचा ते कुणी शिकवलं नव्हतं, तुला शिकवलं का?" बुधीने माझी भाताची गोष्ट कुणाला सांगितली आणि ती बाईंपर्यंत पोचली, की बाईंनी ती चाळीत ऐकली, मला ठाऊक नाही. मी म्हटलं, "नाही." मग आम्ही माझ्या खोलीवर आलो आणि भात केला. पुन्हा जास्तच झाला. त्या दिवसापासून बाई ओट्यावर कमी बसायच्या आणि खोल्यांवर जास्त फिरायच्या. दार ढकलून, "आले गं" म्हणत आत. काही मुलींना ते आवडायचं नाही, त्या दुसरीकडे राहायला गेल्या आणि पुन्हा भेटल्या नाहीत. बाकीच्या हळूहळू त्यांना शिव्या द्यायला लागल्या, बुधी मावशीला द्यायची तशा. तेव्हा मला वाटलं आता चालेल.

हल्ली बोईसरात अशा मुलींसाठी चांगली जागा आहे. पंखे आहेत, फोन नंबर भिंतीवर लावलेला आहे, मुली माझ्यासारख्या अडाणी नाहीत. तिथल्या मॅडम मला कधी बोलावतात. मी भाषण करत नाही, जेवायच्या वेळी जाते. आता मुलीला हात लावायच्या आधी विचारायचं असतं. ते बरंच आहे. मी विचारते, "कपाळ बघू का?" बहुतेक जणी नाही म्हणतात. मी म्हणते, बरं. पुढच्या वेळी पुन्हा विचारते.

कुंभवलीतली ती चाळ पाडली, तिथे आता गोदाम आहे. जमनामावशी गेली, बाई गेल्या. बुधीची माणसं कधी आली का, हे मी संस्थेत बरीच वर्षं विचारत राहिले. आली नाहीत. त्या संध्याकाळी भिंतीला पाठ लावून आम्ही दोघी बसलो होतो. बुधी गेली, आणि मी जगले.